विश्लेषण: ‘अ‍ॅक्वायर’ म्हणजे मिळवणे की घेणे? पेण-रोह्याच्या सातबाऱ्यावर येऊन बसलेल्या इंग्रजी क्रियापदाची गोष्ट

पेणच्या खारेपाटात किंवा रोह्याच्या कुंडलिकाकाठी कुणाला ‘अ‍ॅक्वायर’चा अर्थ विचारला, तर तो शब्दकोश उघडत नाही. ‘आमची दोन एकर अ‍ॅक्वायर झाली’, ‘भावकीतली हायवेला अ‍ॅक्वायर झाली, आमची वाचली’ अशी वाक्ये इथे शाळा अर्धवट सोडलेली माणसेही सहज बोलतात. इंग्रजीच्या पुस्तकात मात्र हेच क्रियापद वेगळ्याच रूपात भेटते. ‘टू अ‍ॅक्वायर नॉलेज’ म्हणजे ज्ञान मिळवणे, ‘टू अ‍ॅक्वायर अ स्किल’ म्हणजे कौशल्य आत्मसात करणे. पुस्तकातल्या वाक्यात कुणाचे काही जात नाही. गावातल्या वाक्यात कुणाचे तरी गेलेलेच असते.

एकाच क्रियापदाचे हे दोन चेहरे कसे झाले? आणि नोटिशीत हा शब्द, किंवा त्याचे मराठी भावंड ‘संपादन’, दिसला तर त्याचा नेमका अर्थ काय घ्यायचा?

मुळात अर्थ होता ‘शोधणे’ आणि ‘विचारणे’

शब्द लॅटिन आहे. ‘क्वेरेरे’ म्हणजे शोधणे, मागणे, विचारणे. त्याला ‘अ‍ॅड’ म्हणजे ‘कडे’ हा उपसर्ग लागला आणि ‘अ‍ॅक्विरेरे’ झाले. अर्थ असा, की शोधून आपल्याकडे आणणे, असलेल्यात भर घालणे. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे तो 15 व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला.

या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये ‘क्यू’च्या आधी एक ‘सी’ असतो आणि तो लिहायला विद्यार्थी हमखास विसरतात. उच्चारात तो वेगळा ऐकू येत नाही, म्हणून उगाच घुसवल्यासारखा वाटतो. पण तो संधीचा ‘सी’ आहे. मराठी व्याकरणात सत् अधिक जन म्हणजे सज्जन. इथे ‘त्’चा ‘ज्’ होतो, कारण पुढे ‘ज’ आहे. लॅटिनमध्ये तसेच ‘अ‍ॅड’मधल्या ‘डी’चा पुढच्या ‘क’ ध्वनीमुळे ‘सी’ झाला. ‘सज्जन’ ज्याला लिहिता येते, त्याला हे स्पेलिंग पाठ करायची गरज नाही. उच्चाराचे सांगायचे तर इंग्रजीत पहिला स्वर अगदी हलका असतो आणि जोर ‘क्वाय’वर पडतो, साधारण ‘अक्वायर’ असा. महाराष्ट्रात ‘अ‍ॅक्वायर’ रुळला आहे आणि सगळ्यांना कळतो.

खरी गंमत या शब्दाच्या नात्यागोत्यात आहे. ‘क्वेश्चन’ म्हणजे प्रश्न, ‘क्वेरी’ म्हणजे शंका, ‘इन्क्वायरी’ म्हणजे चौकशी, ‘इन्क्वेस्ट’ म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी. ही सारी त्याच ‘क्वेरेरे’ची लेकरे. ‘रिक्वायर’, म्हणजे गरज असणे, हेही तिथलेच. आणि ‘काँकर’, म्हणजे जिंकून घेणे, हेसुद्धा. एकाच घरात प्रश्न विचारणारा, गरज सांगणारा आणि जिंकून घेणारा असे तिघे भाऊ नांदतात.

भूसंपादनाचे कागद इंग्रजीत वाचले तर हे कुटुंब एकत्र भेटते. जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी ‘रिक्वायर्ड’ आहे, म्हणून ती ‘अ‍ॅक्वायर’ करायची आहे, आणि हरकत आली तर ‘इन्क्वायरी’ होईल. तिन्ही शब्दांत विचारणे दडलेले आहे. शेतकऱ्याला विचारले जाते का, किती आणि कधी, याच प्रश्नाभोवती रायगडचा गेल्या काही दशकांचा बराचसा इतिहास फिरत आला आहे.

‘गेट’, ‘बाय’ आणि ‘अ‍ॅक्वायर’

रोजच्या इंग्रजीत ‘गेट’ कुठेही चालते. ‘बाय’मध्ये पैसे मोजलेले असतात. ‘ऑब्टेन’ थोडे कागदोपत्री आहे. परवाना, दाखला, परवानगी ‘ऑब्टेन’ करतात. ‘अ‍ॅक्वायर’मध्ये वस्तू आपल्या मालकीची किंवा आपला भाग होऊन राहते, ही छटा आहे. म्हणून भाषा, सवय, ओळख, नावलौकिक ‘अ‍ॅक्वायर’ होतात. चहा कुणी ‘अ‍ॅक्वायर’ करत नाही.

‘अ‍ॅक्वायर्ड टेस्ट’ हा प्रयोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या घासाला न आवडणारी, पण हळूहळू अंगवळणी पडणारी चव. सुक्या जवळ्याची चटणी पहिल्यांदा खाणाऱ्या पाहुण्याचा चेहरा आठवला की हा शब्द विसरत नाही. वैद्यकात ‘अ‍ॅक्वायर्ड’ म्हणजे जन्मजात नसलेले, नंतर जडलेले. एड्स या नावातला ‘ए’ तोच.

कंपन्यांच्या जगात ‘अ‍ॅक्वायर’ म्हणजे दुसरी कंपनी किंवा तिचा ताबा मिळेल एवढा हिस्सा घेणे. याचे उदाहरण पेण तालुक्यातच आहे. धरमतर खाडीकाठच्या डोलवीचा पोलाद कारखाना आधी इस्पात इंडस्ट्रीजचा होता. डिसेंबर 2010 मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलने इस्पातमधला मोठा हिस्सा घेण्याचा व्यवहार जाहीर केला आणि पुढे ती कंपनी जेएसडब्ल्यूमध्ये विलीन झाली. तिथे विकणारा होता, घेणारा होता, किमतीची घासाघीस होती. विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत होते.

जमिनीच्या बाबतीत सरकार जेव्हा ‘अ‍ॅक्वायर’ करते, तेव्हा हे ‘नाही’ गळून पडते. सरकारी ‘अ‍ॅक्वायर’ आणि बाजारातले ‘अ‍ॅक्वायर’ यांतला सगळा फरक इथे आहे. शेतकऱ्याशी बोलून केलेली थेट खरेदी हा ‘बाय’चा व्यवहार. नोटीस काढून होते ते संपादन, आणि त्यात मालकाची सही नसली तरी मालकी बदलते.

मराठीत ‘संपादन’ कुठून आले?

‘अ‍ॅक्वायर’ला मराठीत शब्द मिळाला तो ‘संपादन’. त्याआधी मराठी माणूस विद्या संपादन करत होता, यश संपादन करत होता, लोकांचा विश्वास संपादन करत होता. सगळे कष्टाने कमावण्याचे अर्थ. वर्तमानपत्राचा ‘संपादक’ही त्याच शब्दातून आला. आजही एखाद्या शेतकऱ्याच्या नातवाने पत्रकारितेच्या वर्गात ‘संपादन’ हा विषय घेतला, तर घरात पहिला प्रश्न येतो, ‘कुठली जमीन?’

शब्द संस्कृत ‘पद्’ या धातूचा. ‘सम्’ उपसर्ग लागला की संपत्ती, संपदा, संपन्न, संपादन. ‘आ’ लागला की आपत्ती, ‘वि’ लागला की विपत्ती. संपत्ती आणि आपत्ती एकाच धातूच्या आहेत हे व्याकरणाच्या पुस्तकात मजेशीर वाटते. 1980 च्या दशकात जमीन गेलेल्या घरात ते तसे वाटत नाही.

आणखी एक बारकावा. नोटिशीतले वाक्य बहुधा असे असते: ‘सदर जमीन संपादित करण्यात येत आहे.’ करणारा कोण, हे वाक्यात नसते. इंग्रजीतही ‘द लँड इज अ‍ॅक्वायर्ड’, तोच प्रकार. गावात हे वाक्य आणखी आखूड होते: ‘जमीन गेली.’ जणू ती स्वतःच उठून चालू लागली. सरकारी कर्मणी प्रयोगाचे इतके अचूक भाषांतर कुणा अनुवादकाला जमले नसते.

1894 चा कायदा आणि मुळशीचे पाणी

भारतात या क्रियापदाला धार आली ती ब्रिटिशांच्या 1894 च्या भूसंपादन कायद्याने. सार्वजनिक प्रयोजन जाहीर करायचे, हरकती ऐकायच्या, निवाडा द्यायचा, ताबा घ्यायचा. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही 2013 च्या अखेरपर्यंत चालू राहिला. त्यात सरकार कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत होते.

त्याचा गाजलेला पहिला झगडा सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीत झाला. टाटांच्या वीज प्रकल्पाच्या धरणात जमिनी जाणार म्हणून 1921 मध्ये मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यातून. धरण झाले. मुळशीचे ते पाणी आज घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरते आणि कोलाडवरून रोह्याकडे वाहते. कोलाडला राफ्टिंगला येणाऱ्या मुंबईकरांच्या बोटी याच पाण्यावर चालतात. पाण्याला इतिहास दिसत नाही, एवढेच.

रोहा तालुक्यात पुढे हा शब्द वेगवेगळ्या दारांनी आला. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो, तिच्यासाठी 1990 नंतर जमिनी गेल्या. धाटाव ही एमआयडीसीची वसाहत. एमआयडीसीला स्वतःचा 1961 चा कायदा आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात पेण, नागोठणे, कोलाड या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या त्या राष्ट्रीय महामार्ग कायदा, 1956 खाली.

नागोठण्याची गोष्ट थोडी थांबून सांगावी अशी आहे. तिथे आयपीसीएल या सरकारी कंपनीच्या पेट्रोरसायन संकुलासाठी जमीन संपादित झाली. 2002 मध्ये केंद्राने निर्गुंतवणुकीत आयपीसीएलचा 26 टक्के हिस्सा आणि व्यवस्थापन रिलायन्सला दिले आणि 2007 मध्ये कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. म्हणजे आधी जमीन ‘अ‍ॅक्वायर’ झाली, मग जमीन घेणारी कंपनीच ‘अ‍ॅक्वायर’ झाली. एकच क्रियापद, दोन प्रकारचे व्यवहार. पहिल्यात मोबदला एकदाच ठरला होता आणि जमीनमालकाचा संबंध तिथेच संपला होता. दुसऱ्या व्यवहारात त्याला विचारण्याचा प्रश्नच कायद्याने उद्भवत नव्हता.

1984: जासई, आणि कायद्यातली दुरुस्ती

नवी मुंबईसाठी सिडकोने चालवलेल्या संपादनाविरुद्ध उरण-पनवेलचा शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातूनच प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. ‘साडेबारा टक्के’ हा आकडा आजही रायगडात नाम म्हणून वापरला जातो. ‘त्याला साडेबारा टक्के मिळाले’ म्हटले की पुढे कशाचे, हे कुणी विचारत नाही.

त्याच वर्षी संसदेने 1894 च्या कायद्यात मोठी दुरुस्ती केली. अंतिम जाहीरनाम्यानंतर दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर संपादनच रद्द, असे कलम 11-अ त्यात आले. बाजारभावावरची दिलासा रक्कम 15 वरून 30 टक्के झाली. दिलासा रकमेचा मूळ शब्द ‘सोलेशियम’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सांत्वन. जमीन सक्तीने घेतो आहोत हे कायदा या एका शब्दात मान्य करतो, कारण राजीखुशीच्या व्यवहारात कुणी सांत्वनाचे पैसे देत नाही.

हे 11-अ कलम दोन तपांनी पेणच्या कामी आले.

पेणमध्ये ‘अ‍ॅक्वायर’ला प्रश्न विचारला गेला तो दिवस

विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा 2005 चा. त्याखाली उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 45 गावांत सुमारे 10 हजार हेक्टरवर रिलायन्सचा महामुंबई सेझ प्रस्तावित झाला. जमीन खासगी कंपनीच्या प्रकल्पासाठी, आणि ती घेण्याचे हत्यार मात्र 1894 चेच. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासह अनेकांनी गावोगावी विरोध संघटित केला.

पेणचा मुद्दा पाण्याशी जोडलेला होता. भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण झाले आणि त्याच्या लाभक्षेत्रातली 22 गावे सेझमध्ये येत होती. ज्या शेताला पाणी द्यायचे म्हणून सरकारी पैशाने धरण बांधले, तेच शेत दुसऱ्या सरकारी कागदाने घ्यायचे, हे शेतकऱ्याला पटवून देणे सोपे नव्हते. अखेर राज्य सरकारने या 22 गावांत जनमत घ्यायचे ठरवले.

21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी मत दिले. सेझच्या जमिनीसाठी सरकारने शेतकऱ्यांचा असा कौल घेण्याची ही देशातली पहिली वेळ मानली जाते. कौल मोठ्या फरकाने सेझच्या विरोधात गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. 1894 च्या कायद्यात मात्र जनमताची तरतूदच नव्हती. कौल बाजूने गेला असता तरी, विरोधात गेला तरी, कायद्याच्या दृष्टीने त्याची किंमत सारखीच होती.

प्रकल्प थांबला तो वेळेने. मुदतीत निवाडे झाले नाहीत आणि संपादन बारगळले. पण त्या दिवसाने एक गोष्ट केली. ‘क्वेरेरे’मधला ‘विचारणे’ हा अर्थ या क्रियापदात प्रत्यक्ष मतपत्रिकेच्या रूपाने परत आला. पुढे 2013 च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची असेल तर 80 टक्के बाधित कुटुंबांची, आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी 70 टक्क्यांची पूर्वसंमती अशी अट घातली गेली. हा कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू आहे. दिलासा रक्कम त्यात 100 टक्के झाली.

अट सरसकट नाही, हे लक्षात ठेवावे लागते. सरकार स्वतःच्या वापरासाठी जमीन घेते तेव्हा संमती लागत नाही. राष्ट्रीय महामार्ग आणि एमआयडीसी यांचे कायदे वेगळे आहेत, तिथेही ती लागत नाही. म्हणून ‘जमीन अ‍ॅक्वायर होणार’ एवढ्या वाक्याने काहीच कळत नाही. कोणत्या कायद्याखाली, हे कळल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

नोटिशीतला काळ ओळखा

व्याकरणातला काळ इथे खरोखर पैशाचा प्रश्न आहे. ‘संपादन करणे प्रस्तावित आहे’ असे असेल तर हरकतीचा दरवाजा उघडा आहे. 2013 च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला 60 दिवस मिळतात. महामार्ग कायद्यात फक्त 21. गावात ‘थ्री-ए’ झाले, ‘थ्री-डी’ झाले असे बोलले जाते, ती महामार्ग कायद्याची कलमे आहेत. थ्री-ए म्हणजे इरादा. थ्री-डीची अधिसूचना निघाली की जमीन केंद्र सरकारकडे ‘निहित’ होते, सर्व भारांपासून मुक्त. म्हणजे त्यावरचे कर्ज, बोजा, इतरांचे हक्क जमिनीवरून उतरतात. पैसे हातात येण्याआधीच हे होऊन गेलेले असते.

‘निहित’ला इंग्रजीत ‘व्हेस्ट’ म्हणतात. मूळ अर्थ वस्त्र चढवणे. अंगात घालायचे ‘व्हेस्ट’ तेच. एकाच्या अंगावरचे वस्त्र दुसऱ्याच्या अंगावर जाते, अशी ती जुनी कल्पना.

त्यानंतरचा शब्द ‘निवाडा’. इंग्रजीत तो ‘अवॉर्ड’, पण पुरस्कार या अर्थाने नाही; अधिकाऱ्याने ठरवलेला मोबदला असा त्याचा अर्थ. इथे आणखी एक क्रियापद अनेकांना महागात पडले आहे, ते म्हणजे ‘अ‍ॅक्सेप्ट’. 2013 च्या कायद्याखाली मोबदला कमी वाटत असेल आणि वाढीव रकमेसाठी पुढे दाद मागायची असेल, तर पैसे घेताना ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत कायम ठेवून घेत असल्याचे लिहून द्यावे लागते. काही न लिहिता सही केली तर निवाडा मान्य केला असे धरले जाते आणि तो रस्ता बंद होतो. दोन शब्दांचा शेरा, पण तो वेळेत घालायला सांगणारा माणूस प्रत्येक घरात नसतो.

सातबाऱ्यावरची नावे ही वेगळीच डोकेदुखी. आजोबांच्या नावानंतर वारस नोंद झालेली नाही, बहिणींची नावे लागलेली नाहीत, एक चुलत भाऊ नालासोपाऱ्याला, दुसरा बडोद्याला. ‘अ‍ॅक्वायर’चा कर्ता सरकार असतो, पण मोबदल्याचा धनी कोण, हे घरातच ठरत नाही आणि रक्कम अडकून पडते. त्याचा दोष कायद्याला देता येत नाही.

संविधानात कोणते क्रियापद आहे?

मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत होता. 44 व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढला गेला आणि 1979 पासून तो अनुच्छेद 300-अ मध्ये उरला. त्यातले क्रियापद ‘अ‍ॅक्वायर’ नाही, ‘डिप्राइव्ह’ आहे, म्हणजे वंचित करणे: कायद्याच्या आधाराशिवाय कुणालाही मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही. समवर्ती सूचीतल्या 42 व्या नोंदीत मात्र ‘अ‍ॅक्विझिशन’ आणि ‘रिक्विझिशन’ हे दोन्ही शब्द आहेत. पहिल्यात मालकी जाते, दुसऱ्यात तात्पुरता ताबा. निवडणुकीच्या कामासाठी एसटी, शाळा घेतल्या जातात त्या ‘रिक्विझिशन’ने, आणि त्या परत मिळतात. घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर शब्द ‘अ‍ॅक्वायर’, ज्याचे जाते त्याच्या बाजूने पाहिले तर ‘डिप्राइव्ह’. संविधानाने दोन्ही बाजू लिहून ठेवल्या आहेत.

पुढचे वाक्य

रोहा आणि मुरूड तालुक्यांत बल्क ड्रग पार्कचा प्रस्ताव आला तेव्हा गावांनी विरोध केला; 2022 मध्ये केंद्राने अशा पार्कसाठी हिमाचल प्रदेश, गुजरात आणि आंध्र प्रदेश ही राज्ये निवडली. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांच्या सुमारे 323 चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले. अटल सेतूच्या अलीकडच्या टोकाला उभी राहायची ही ‘तिसरी मुंबई’. विरार-अलिबाग मार्गिकेची आखणीही पेण तालुक्यातून जाते.

म्हणजे हे क्रियापद पेणमध्ये अजून भविष्यकाळात चालवले जाणार आहे. यादीत गाव आहे का, हे विचारणारे आता गट क्रमांकही विचारू लागले आहेत. त्यापुढचे तीन प्रश्न असे: नोटिशीत कोणत्या कायद्याचे आणि कलमाचे नाव छापले आहे, वाक्य ‘प्रस्तावित आहे’ असे संपते की ‘निहित झाली आहे’ असे, आणि हरकतीचे दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे.